वरचा बोंबील

शेवटची सात-आठ वर्षं आमच्या चाळीत वहिनीला लोक ‘काटेवाली’ म्हणत. अगदी तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाणार नाही इतक्या लांबूनही नाही. काटेवाली म्हणजे वजनकाट्याची. जिने उभ्या जन्मात कुणाशी भाव केला नाही, भाजीवाल्याच्या तराजूकडे कधी वाकून पाहिलं नाही, त्या बाईला हे नाव पडलं. ते कसं पडलं हे सांगायचं तर वहिनीबद्दल सगळंच सांगावं लागेल आणि थोडं माझ्याबद्दलही. माझ्याबद्दलचा भाग चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

खोटं कशाला बोलू, घरात वहिनी काटकसरी होती. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटायची आणि शेवटी कात्रीने कापून उघडायची. दादाच्या जुन्या पॅंटींच्या बाजारच्या पिशव्या, पिशव्या फाटल्या की भांडी उचलायची फडकी, फडकी झिजली की त्यांची पायपुसणी. चहाचा चोथा धुऊन, वाळवून गुलाबाला. पण बाजारात गेली की तीच बाई पार बदलायची. कोपऱ्यावरचा किराणावाला शेठ सांगेल तो भाव, दारावर मासे घेऊन येणारी मावरेवाली ठेवेल तो वाटा. “कितीला?” एवढंच विचारायची, पैसे द्यायची, पिशवी उचलायची. मी लहान असताना मला वाटायचं, हिला भाव करता येत नाही. सातवी शिकलेली, वाडीतली बाई. हिला काय कळणार.

वाडीतली म्हणजे वसईच्या वाडीतली. आम्ही मूळचे कोकणातले. आई-बाबा दोघंही आम्ही लहान असताना गेले आणि दादा मला घेऊन वालीवला मामाकडे आला, मग एका वर्कशॉपमध्ये पंपाच्या मोटारी भरायला लागला. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. एकदा वसई गावातल्या एका वाडीतला विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणून गेला. नंतर तो पंप त्या वर्षात आणखी चार वेळा बंद पडला. वहिनीच्या वडिलांना संशय येईपर्यंत लग्न ठरलंही होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. वहिनी बावीसची. माप ओलांडून आत आली तेव्हा तिच्या हातात राजेळी केळ्यांचा एक फणा होता आणि खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर बसली. दादा-वहिनीला मूल झालं नाही. चाळीत कुणी खोचकपणे विचारलं, तर वहिनी माझ्याकडे बोट दाखवायची. “ही काय! एवढी मोठी झाली तरी दिसत नाही तुम्हाला?”

घर चालवण्याची तिची सगळी भाषा वाडीची होती. बचत, बजेट हे शब्द तिच्या तोंडात कधी आले नाहीत. दादाचा पगार झाला की म्हणायची, “आज पाणी आलं.” मग ते पाणी फिरवायचं. तिच्या माहेरी विहिरीचं पाणी पाटात सोडायचे आणि एकेका वाफ्याचं तोंड उघडून-मिटून सगळ्या वाडीला फिरवायचे. एक वाफा तुडुंब भरला तर पलीकडचा सुकणार, एवढं तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. “भाड्याचा वाफा भरला. आता गॅसचा. तुझ्या वह्यांचा शेवटी, पण भरणार. घाबरू नको.” आणि खरंच, माझ्या वह्यांचा वाफा कधी कोरडा राहिला नाही.

तिचा दुसरा नियम तीन सोमवारांचा. कुणाला काही नवीन हवं असेल, तर त्याने सोमवारी तिला सांगायचं. मग पुढच्या सोमवारी परत सांगायचं. मग तिसऱ्या सोमवारी. तिसऱ्या सोमवारीही हवं असेल, तर घ्यायचं. मला जीन्स हवी होती, दुसऱ्या सोमवारी विसरले. दादाला मोबाईल बदलायचा होता, तो पहिल्या सोमवारनंतर लाजूनच गप्प बसला. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी भीत भीत म्हटलं, “वहिनी, मला बी.कॉम. करायचंय.” ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “उद्याच जाऊन फॉर्म आण.”

“तीन सोमवार नको थांबायला?”

“ते वस्तूंना असतात, बाय.”

आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, बाईमाणूस तर नाहीच. मी चढले, आणि पास होऊन उतरले. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. निकालाच्या दिवशी मावरेवाली मावशी टोपली घेऊन आली होती. ही मावशी नायगावच्या खाडीकडची, आठवड्यातून दोनदा आमच्या गल्लीत यायची. तिच्याकडे तराजू नसायचा. मावरं वाट्यावर. मोठ्या बोंबलांचा वाटा पाचाचा. पण वहिनी भाव करत नाही म्हणून मावशी पाच मांडून झाले की सहावा वर टाकायची आणि म्हणायची, “ह्यो बायला.” बाय म्हणजे मी. हा वरचा बोंबील कधी मागून मिळत नाही आणि भाव करणाऱ्या बाईला तर कधीच पडत नाही. सहा झाले की तिघांना दोन-दोन. मी अकरा वर्षांची असल्यापासून आमच्या घरात बोंबील दोनच्या हिशोबानेच खाल्ले गेले.

त्या दिवशी वहिनी दारातूनच ओरडली, “मावशी, आमची बाय ग्रॅज्युएट झाली!”

“म्हंजे काय झाली?”

“चौदाच्या पुढे आणखी एक इयत्ता शिकली.”

“मंग आज दोन वरचे!” मावशी म्हणाली आणि खरोखर दोन टाकले. त्यातला एक वहिनीने परत टोपलीत ठेवला. “धंदा कर मावशी, लाडू मी देते.”

मला एव्हरशाईन सिटीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम लागलं. तिथे बसून मी इतरांचे खर्च तपासायची. कुठे दोन रुपये जास्त गेले, कुठे कुणाला उगाच ठेका दिला. घरी आले की डोळ्यांवरचा तो चष्मा उतरायचाच नाही. शेठचं तेल मोठ्या दुकानापेक्षा महाग. पलीकडच्या खोलीतल्या काकूंना वहिनी साडीला फॉल लावायला द्यायची, आणि स्वतःला तर उत्तम शिलाई येत होती! मावशीचा वाटा घाऊक बाजारापेक्षा किती चढा, ते तर विचारूच नका. मी दादासमोर वहिनीला म्हटलं, “तू नुसती राबतेस. तुझ्या घरात सगळीकडून गळती आहे. सहा महिने घर माझ्या हातात दे, मग बघ.”

दादा वहिनीकडे बघायला लागला. वहिनीने कमरेची किल्ली काढली, जी कपाटाच्या छोट्या खणाची होती, आणि माझ्या हातावर ठेवली. हसली. “घे. मलाही आराम.” मी ती किल्ली बक्षिसासारखी घेतली. बारा-तेरा वर्षं जिने ते घर फिरवलं, तिच्या कमरेवरून किल्ली काढून घेताना आपण काय करतो आहोत, एवढं न समजण्याइतकी मी शिकलेली होते.

मग माझं राज्य सुरू झालं. शेठकडचं सामान बंद. त्याने कारण विचारलं, तर मी चारचौघांत सांगितलं, “शेठ, तुम्ही महाग पडता.” मी सरळ बोलते, लपवाछपवी मला जमत नाही, याचाही मला अभिमान होता. मोठ्या दुकानातून एकावर एक फुकट असलेलं सगळं यायला लागलं. कपड्याच्या पावडरीवर बादली फुकट म्हणून तीन महिन्यांत तीन बादल्या आल्या. दोन माणसं उभी राहतील एवढ्या स्वयंपाकघरात त्या तीन बादल्या एकात एक घालून छताला टांगल्या. दहा किलो रव्यात वसईच्या दमट हवेने पोरकिडे झाले. वहिनीने एक अख्खी दुपार तो रवा चाळला, भाजला आणि न बोलता पंधरा दिवस आम्हाला उपमा, शिरा, रव्याची धिरडी घातली. काकूंचं फॉलचं काम मी बंद केलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, “माझं काही चुकलं का गं?” वहिनी म्हणाली, “नाही हो, साड्याच घेत नाही मी हल्ली.”

आणि मी एक छोटा वजनकाटा विकत घेतला. बॅटरीवर चालणारा, चकचकीत, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ऑफिसातल्या एका मुलीकडे बघितला होता, ती डाएटसाठी वापरायची.

रविवार होता. मावशी आली, टोपली पायरीवर ठेवली, केळीच्या पानावर पाच बोंबील मांडले, सवयीने सहावा वर टाकला. “ह्यो बायला.” मी आतून काटा आणला. पायरीवर ठेवला, त्यावर स्टीलची परात, परातीत सहाही बोंबील. वरचासुद्धा. फुकटचाही मी तोलला.

“ह्ये काय हाय?”

“काटा आहे मावशी. थांबा जरा.” आकडा आला. मी मोबाईलवर किलोचा भाव काढला आणि म्हणाले, “घाऊक बाजारापेक्षा तुम्ही दीडपट घेता. आणि यात अर्धं तर पाणीच आहे!”

मावशीने परातीतला एक बोंबील शेपटीने उचलून धरला. मग म्हणाली, “बोंबलात पानी नाय तं काय दूध असनार?”

आजूबाजूच्या दारांत चार-पाच बाया होत्या. त्या हसल्या. मला वाटलं मला हसल्या, म्हणून मी आणखी चढले. “हसण्यावारी नेऊ नका. इतकी वर्षं आम्ही गप्प बसलो, त्याचा फायदा घेतलात तुम्ही.”

मावशीने टोपलीवर फडकं टाकलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली. पैसे घेतले नाहीत. “ऱ्हाऊ दे. मोजून खा,” म्हणाली आणि पुढच्या एकाही दाराशी न थांबता गल्लीतून निघून गेली. वहिनी आतून भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. चार पावलं तिच्या मागे गेली. मग थांबली, कारण मागे मी उभी होते, आणि मला चारचौघांत चूक ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. हे मी आता सांगते आहे. तेव्हा मला वाटलं, तिलाही माझं पटलं.

ते सहा बोंबील त्या दिवशी तळले. दोन-दोन. खाताना मी गळती हा विषय समजावून सांगत होते. वहिनी म्हणाली, “वाडीत पाटाच्या कडेला अळू असतो ना बाय, त्याला कुणी पाणी घालत नाही. तो गळतीवरच वाढतो. पण पावसात पाट फुटायला आला की माती तोच धरून ठेवतो.”

“वहिनी, हा वाडीचा विषय नाहीये,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली. “मीठ बरोबर आहे ना?”

पैसे साठले, ते मात्र खरं. आणि ते साठले म्हणून मी एक बिल्डिंग बघितली. नायगावच्या बाजूला, सहा मजल्यांची, भिंतीवर स्विमिंग पूलचं चित्र. चाळीतून निघायचं, हे माझं स्वप्न होतं. कर्ज काढूनही बुकिंगला थोडे कमी पडत होते. वहिनीने माहेरच्या दोन पाटल्या काढून दिल्या. देताना एवढंच म्हणाली, “तीन सोमवार थांबायचं का?”

“ऑफर रविवारपर्यंतच आहे.”

ती बिल्डिंग चौथ्या स्लॅबपर्यंत आली आणि थांबली. कुठली तरी परवानगी नव्हती. अजूनही तिच्या सळया आभाळाकडे तोंड करून गंजत उभ्या आहेत. पैशांतले थोडे पुढे कित्येक वर्षांनी हातात आले. पाटल्या आल्या नाहीत. काम थांबलं त्याच पावसाळ्यात दादाच्या मालकाने गाळा विकला आणि धंदा वापीला नेला. दादा पाच महिने घरी बसला. माझा तुटपुंजा पगार भाडं, लाईटबिल आणि बुकिंगसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता यांतच संपायचा. मोठ्या दुकानात तेलाचा डबा उचलून काउंटरपर्यंत गेले आणि परत जागेवर ठेवला. तिथे कुणाला म्हणणार, पुढच्या महिन्यात देते म्हणून? काउंटरवरची मुलगी दर वेळी नवीन.

मी किल्ली वहिनीच्या पुढ्यात ठेवली. “मला जमत नाही,” म्हटलं. रडले. तिने किल्ली कमरेला खोचली, ठेवणीतली साडी नेसली आणि सकाळीच बाहेर पडली. दुपारी परतली ती एका पिशवीत तांदूळ, डाळ, तेल आणि दुसरीत केळीच्या पानात बांधलेले बोंबील घेऊन. “शेठ देतो म्हणालाय. दादाचं काम लागेपर्यंत. मावशीही देईल.”

“काय म्हणालीस तू त्यांना?”

“काय म्हणायचं? म्हटलं, चुकलं.”

मी पुढे विचारलं नाही. कुणाचं चुकलं म्हणालीस, हा एवढाच प्रश्न होता. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि सुटलेला माणूस मागे वळून बघत नाही.

मावशी गल्लीत पुन्हा यायला लागली. आमच्या दाराशी थांबायची नाही, गल्लीच्या तोंडाशी बसायची. वहिनी तिथवर जायची. नंतर मावशीचे गुडघे गेले आणि ती नायगावच्या बाजारात बसायला लागली, तर वहिनी तिथे जायची. मी म्हणायची, “एवढ्या लांब कशाला?” ती म्हणायची, “पाय मोकळे होतात.” दादाला नवीन काम लागलं. वहिनीने शेठची उधारी फेडली, पुढचं सामानही त्याच्याकडूनच. काकूंना परत फॉल लावायला द्यायला लागली, जुन्याच साड्यांचे जुने फॉल उसवून.

आणि त्याच सुमारास ते नाव निघालं. शेठ गंमतीत म्हणायचा, “या वहिनी, काटा आणलाय का घरून?” गल्लीतल्या बाया आपसांत म्हणायच्या, “ती बघ, काटेवाली.” वहिनी हसायची. मी एकदा चिडले. “तुला चिडवतात आणि तू हसतेस?” ती म्हणाली, “हसलं की संपतं, बाय.” मला वाटलं, घरात कुणी काहीही केलं तरी नाव घरच्या बाईलाच पडतं, तसंच हेही. ते नाव माझं आहे, हे मला नीट माहीत होतं. एकदा दारात उभं राहून मोठ्याने म्हणता आलं असतं, ‘काटा माझा होता.’ मी सरळ बोलणारी ना! पण मी तेव्हा लग्नाची होते, स्थळं येत होती, आणि आत कुठेतरी मला बरंच वाटलं की ते नाव वहिनीला चिकटलं.

आणखी एक गोष्ट त्याच सुमाराची. वहिनीला बोंबील आवडेनासे झाले. दादाला दोन, मला दोन, आणि स्वतःच्या ताटात एक. “तुला एकच?” मी विचारलं होतं. “हल्ली पचत नाहीत गं मला,” ती म्हणाली होती. माझं लग्न होईपर्यंत चार वर्षं, आणि नंतर रविवारी जेवायला जायचे तेव्हाही, माझ्या ताटात दोनच असायचे.

गेल्या वर्षी वहिनी गेली. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. तापाचं निमित्त झालं, आठ दिवस दवाखाना आणि संपलं. शेवटी शेवटी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा म्हणाली, “दादाला खणाची किल्ली दाखवून ठेव.” एवढंच. दहाव्याला चाळ भरली होती. मावशी आली, नातसुनेचा हात धरून, एकेक पायरी थांबत. दारातच बसली. माझा हात हातात घेतला.

“लय चांगली बाय व्हती तुजी वहिनी. येकदाच चुकली.”

मी दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“त्यो काटा. मी समजलेली तू तुज्याच मनानं आनलास. पन ती स्वता आली, माज्या घरी, नायगावला. पाय धरले माजे. बोलली, ‘मावशी, मीच लावला पोरीला काटा आनायला. माजीच नियत फिरली. पोर शिकलेली हाय, तिचं लगीन व्हायचंय, तिला बोल लावू नको.’ शेटलाबी तसंच बोलली. सगल्यांना बोलली.” तिने पदराने डोळे पुसले. “चुकतं मानूस. माफ केली मी तिला.”

आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं होती. शेठ होता, काकू होत्या. सगळे मान हलवत होते. वहिनीला माफ करत होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, ऑफिसात मॅनेजरला तोंडावर चूक दाखवणारी. मी मावशीचा हात थोपटला आणि आतून तिच्यासाठी चहा आणला.

पुढे दीड महिना ते वाक्य घशात घेऊन हिंडले. आता मी नायगावलाच राहते, बाजार माझ्या वाटेवर आहे. रोज मावशी बसते ती गल्ली सोडून दुसऱ्या गल्लीने घरी जायची. शेवटी एका रविवारी सकाळी गेले. तिच्यासमोर उकिडवी बसले.

“मावशी, काटा मी माझ्याच मनाने आणला होता. वहिनीने सांगितला नव्हता. तिला माहीतसुद्धा नव्हतं. ती तुमच्याशी खोटं बोलली. माझ्यासाठी.”

मावशी बोंबलांवर पाणी मारत होती. हात थांबला.

“म्हंजे तिची नियत फिरली नव्हती?”

“नाही.”

“आनि दहाव्याला मी बोलले तवा तू गप बसलीस?”

“हो.”

ती रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. मला त्या हव्या होत्या. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. टोपलीकडे बघून म्हणाली, “माफ केली बोलले मी. पन वरचा टाकला नाय तिला परत. कदीच नाय. मनात बोलायची, काटेवाली हाय, बरोब्बर पाचच घे. आठ वर्सं. येकदा बोलली नाय ती. पाच बघायची, पैसे द्यायची, जायची.”

पाच. मी तिथे बसल्या बसल्या मोजले. दादाला दोन. मला दोन.

मी वाटा मागितला. मावशीने पाच मांडले. हात सहाव्याकडे गेला नाही. जायलाही नको होता. मी भाव न विचारता पैसे दिले आणि उठले. मागून ती म्हणाली, “चाळीत सांगशील का?” मी म्हटलं, “सांगेन.” त्याच संध्याकाळी जाऊन शेठला सांगितलं, काकूंना सांगितलं. काकू इतकंच म्हणाल्या, “आता सांगून काय गं?” ते खरंच होतं, तरी सांगितलं. हे लिहिते आहे तेही त्याचसाठी.

चाळीत जायच्या आधी, त्या दुपारी, दादा जेवायला आला होता. वहिनी गेल्यापासून रविवारी येतो. मी बोंबील तळले. दादाला दोन वाढले, नवऱ्याला दोन. उरलेला एक माझ्या ताटात घेतला आणि बसले.

दादाने माझ्या ताटाकडे पाहिलं. “तुला एकच?”

“हल्ली पचत नाहीत मला,” मी म्हटलं.

दादाचा घास हातातच राहिला. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने आपल्या ताटातला एक बोंबील उचलून त्याने माझ्या ताटात ठेवला.